दुखावलेली पाठ व व्यायामाचा पुनरारंभ

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. आमचे आयुष्य नाशिकच्या तांबट आळीत पत्र्यावर ठोके घालण्यात गेले. परंतु ज्या वाटेवर माणूस दोनदा ठेच खाऊन पडला असेल, त्या वाटेवरील दगड कोठे आहेत हे सांगण्याचा थोडासा अधिकार त्यास पोचतो, असे वाटून आम्ही हे निमंत्रण स्वीकारले. विषय आहे पाठ दुखावल्यानंतर पुन्हा व्यायामास कसे लागावे हा.

आपल्या समाजात या विषयाचे अगत्य का, हे निराळे सांगावयास नको. खाली बसून, पाठीस बाक देऊन, तासन्‌तास मठारकाम करणे हा आपल्या वाडवडिलांचा व्यवसाय. आज आपली पुष्कळ मुले कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली आहेत, पण तेथेही खुर्चीवर पाठीस बाक आलाच. ज्या घरी कमावणाऱ्याची पाठ धरते, त्या घरची चूल मंदावते. म्हणून हा प्रश्न आम्ही केवळ तालमीचा समजत नाही, तो संसाराचाही आहे.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. २०१६ साली एका गिऱ्हाइकाचे जुने घंगाळ कल्हईसाठी आले होते. ते जमिनीवरून उचलून तसेच बाजूस वळलो, आणि कमरेत अशी चमक भरली की घंगाळ एकीकडे व आम्ही दुसरीकडे. शेजाऱ्यांनी सांगितले, उसण भरली आहे, पायाळू माणसाची लाथ बसली की जाईल. ती लाथही आम्ही भक्तिभावाने खाल्ली. उसण काही गेली नाही, तथापि लाथ मारणारा सज्जन होता, त्याने ती हळूच मारली, हे आमचे भाग्य. पुढे दोन आठवडे आम्ही अंथरुणास खिळून राहिलो. विसाव्या दिवशी दुखणे थांबले. आनंदाच्या भरात तालमीत गेलो. पोरेसोरे बघत होती, आणि वय पन्नाशीकडे झुकलेले असले तरी ऐट विशीतलीच होती. पन्नास जोर व शंभर बैठका काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेपासून घोट्यापर्यंत पायात जी कळ उतरली, ती तीन महिने हलली नाही.

आता दुसरे उदाहरण ऐका. आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचीही पाठ अशीच दुखावली. ते आमच्यासारखे उतावळे नव्हते. कोणीतरी त्यांस सांगितले, मणक्यातील गादी सरकली आहे, आता जन्मभर वाकू नका, काही उचलू नका. त्यांनी ते वचन वेदवाक्य मानले. कमरेस पट्टा आला, फिरणे सुटले, देवळाच्या पायऱ्या सुटल्या. नातू झाला तेव्हा त्यास कोणी मांडीवर ठेवला तरच त्यांनी घेतला, स्वतः कधी उचलला नाही. पाठ पुन्हा दुखावली नाही हे खरे, परंतु अकरा वर्षांत अंगातील बळ इतके ओसरले की पाटावरून उठावयास दोन माणसे लागू लागली.

आम्ही उतावळेपणाने चुकलो, ते भयाने चुकले. दोघांचीही समजूत एकच होती की पाठ एक तर पूर्ण बरी असते किंवा पूर्ण बिघडलेली असते. पहिल्या अवस्थेत सर्व काही करावे व दुसरीत काहीच करू नये. खरी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे, आणि ती तांबटाच्या पोरास कळण्यास अवघड पडू नये. पत्र्यावर ठोके पडल्यावाचून भांड्यास कणखरपणा येत नाही. पण ठोक्यांमागून ठोकेच पडत राहिले तर तांबे कडक होते आणि अखेर त्यास तडा जातो. म्हणून मध्ये मध्ये ते भट्टीत लाल करून नरम करून घ्यावे लागते. ठोका किती द्यावा आणि थांबावे केव्हा, हे ज्यास कळले तो कारागीर. पाठीचेही असेच आहे.

शास्त्र काय म्हणते ते पाहू. आपल्या वडिलांच्या काळी पाठदुखीस सक्तीची विश्रांती हाच उपाय समजला जाई. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांस दोन दिवस व काहींस सात दिवस अंथरुणावर राहावयास सांगितले होते. अधिक पडून राहिल्याने अधिक गुण आला नाही, उलट कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरांवर असाच प्रयोग झाला. काहींस अंथरुणावर विश्रांती, काहींस लगेच पाठीचे खास व्यायाम, आणि काहींस सोसेल तेवढा नित्याचा व्यवहार, अशी विभागणी होती. नित्याचा व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले, आणि अंथरुणावरचे सर्वांत सावकाश. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ऐन दुखण्यात घाईने व्यायाम करणारेही मागेच राहिले. म्हणजे पहिल्या काही दिवसांत ना खाट, ना आखाडा. घरातल्या घरात चालणे, बसणे, उठणे हाच त्या दिवसांचा व्यायाम.

तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या पाठदुखीसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत व्यायामास स्थान आहे. कमरेचे पट्टे व वजने लावून पाठ ताणणे हे उपाय मात्र सरसकट करू नयेत, असे सांगितले आहे. आमच्या त्या आप्तांचा पट्टा आम्हांस तेव्हा फार आठवला.

आता त्या भयंकर शब्दांविषयी. ‘गादी सरकली’, ‘मणका झिजला’ हे शब्द ऐकताच धडधाकट माणसाचेही पाय गळतात. ज्यांस पाठीचे काहीएक दुखणे नाही अशा लोकांच्या चित्रांचा मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के, पन्नाशीतील ६० टक्के व ऐंशीतील ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. केस पिकावे तशा गाद्याही वयाबरोबर बदलतात. तेव्हा एम.आर.आय.चा कागद हाती आला म्हणून आयुष्याचा निकाल लागला असे समजू नये. सरकलेल्या गादीचा भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते.

असे असले तरी काही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, लघवी तुंबणे, मांड्यांमधील जागा बधिर होणे, पायातील शक्ती कमी कमी होत जाणे, ही ती लक्षणे होत. पडल्यानंतर वृद्ध माणसाची पाठ दुखू लागली, पूर्वी कर्करोग झाला असेल, पाठदुखीबरोबर ताप येऊ लागला, वजन उतरू लागले किंवा रात्री दुखणे वाढू लागले, तर डॉक्टरांकडे लवकर जावे. आपल्या देशात मणक्याचा क्षय अद्याप आढळतो, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी लाथही नको आणि आमचे भाषणही नको.

ज्यांस ही लक्षणे नाहीत त्यांनी परत कसे यावे? यासाठी एका थोर पुरुषाचे उदाहरण पुढे ठेवतो. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातले, पण १९३७ साली ते पुण्यास आले आणि अखेरपर्यंत पुण्याचेच झाले. १९७९ साली, वयाच्या साठीत, स्कूटरच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्यास, खांद्यांस व गुडघ्यांस मार बसला. ज्यांची आसने जगाने डोळे विस्फारून पाहिली, त्यांस साधी आसनेही जमेनाशी झाली. त्यांनी काय केले? नवशिक्याप्रमाणे पहिल्या धड्यापासून पुन्हा आरंभ केला, आणि पूर्वीच्या अभ्यासाच्या जवळपास येण्यास अनेक वर्षे दिली. दोर, पट्टा, लाकडी ठोकळा यांचा आधार घेऊन आसन करावयास ते शिष्यांस शिकवीत. तो आधार घेण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. जगद्‌गुरूस पहिला धडा गिरविण्याची लाज वाटली नाही, आणि आम्हांस मात्र तालमीतल्या पोरांसमोर दहा जोरांवर थांबण्याची लाज वाटली!

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची हकीकत तर याहून दारुण. सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून गाजलेला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला. एक गोळी मणक्यापाशी रुतली आणि कमरेखालील अंग लुळे पडले. उपचार म्हणून त्यांनी पोहणे धरले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि २०१८ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्यांचे मुष्टियुद्ध परत आले नाही. तरीही हट्टाने गेलेल्या वस्तूमागे न धावता, जे अंग चालते त्यास त्यांनी कामास लावले. व्यायामाकडे परत येणे म्हणजे नेहमी जुन्याच व्यायामाकडे परत येणे असते असे नाही.

आता आमच्या वाटेची पायरी न्‌ पायरी सांगतो. ती आम्हांस नाशिकच्याच एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखविली. प्रत्येकाची पाठ निराळी, म्हणून आपापल्या जाणकाराचा सल्ला घ्यावाच.

पहिली पायरी चालण्याची. आम्ही गंगाघाटावर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालू लागलो. वेळ हळूहळू वाढविली. आठवड्यास दशांशाहून फारशी वाढ करू नये, हा ठोकताळा सोपा आहे.

दुसरी पायरी सतरंजीवरची. उताणे निजून, गुडघे दुमडून, कंबर हळूच वर उचलावी व खाली ठेवावी. दोन हात व दोन गुडघे टेकून, एक हात पुढे व विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवावा. कुशीवर होऊन कोपर व गुडघा यांवर अंग तोलावे. बघणाऱ्यास हे पोरखेळ वाटतात. आम्हांसही वाटले होते, पण पहिल्या दिवशी हात-पाय लांबवून दहा अंक मोजेपर्यंत अंग थरथरू लागले, तेव्हा आमच्या शंभर बैठकांची खरी किंमत कळली.

तिसरी पायरी वाकावयास शिकण्याची. आपण कमरेत वाकतो. वाकावे खुब्यांतून, गुडघे किंचित दुमडून, पाठ सरळ राखून. खुर्चीवर बसावयाचे व हातांचा आधार न घेता उठावयाचे, ही पहिली बैठक. खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून खाली, असे महिन्यामहिन्याने उतरावे. जोरांचेही तसेच. प्रथम भिंतीस हात लावून, मग ओट्यास, आणि शेवटी जमिनीवर.

चौथी पायरी सूर्यनमस्काराची. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचविलेला हा व्यायाम आपणांस प्राणप्रिय आहे. परंतु दुखावलेल्या पाठीस त्यातील एक धोका ओळखून असावे. रात्रभर निजलेले असताना मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच माणूस सकाळी एखाद-दुसरा सेंटिमीटर उंच असतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. तेव्हा अंथरुणातून उठल्याउठल्या पुढे वाकून पायांस हात लावू नयेत. तासभर जाऊ द्यावा, थोडे चालावे, मग नमस्कारास उभे राहावे. आरंभी दोनच घालावेत. हात जमिनीऐवजी स्टुलावर टेकावेत आणि गुडघे दुमडावेत. सूर्यनारायण तासाभराने रुसत नाही.

पाचवी पायरी वजन उचलण्याची, आणि येथे आपल्या घरचाच हंडा कामास येतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. प्रथम रिकामा हंडा दोन्ही हातांनी, अंगालगत धरून, पाटावरून उचलावा व परत ठेवावा. तो सुखरूप जमला की त्यात एक लिटर पाणी घालावे, पुढल्या आठवड्यात दुसरे. उचललेले वजन घेऊन कमरेत वळू नये, पावले टाकून वळावे. घंगाळाने आम्हांस जो धडा दिला तो हाच होता. भगिनींनो, हा मजकूर आपल्यासाठी अधिकच आहे. घरचे हंडे-कळशा आपण उचलता, मुले कडेवर घेता, आणि तरीही ‘बायकांस निराळा व्यायाम कशाला’ असे आपणांस ऐकावे लागते. ज्यांस रोज वजन उचलावे लागते, त्यांस पाठीचे बळ इतरांहून अधिकच हवे.

या सर्व पायऱ्यांवर नियम एकच, आणि तो म्हणजे उद्या सकाळचा हिशेब. व्यायाम करताना थोडे दुखले तर भिऊ नये. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवले, तर कालचे माप बरोबर होते, तेच आठवडाभर ठेवावे व मग वाढवावे. निवले नाही, तर माप निम्मे करावे. दुखणे पायातून वर सरकून कमरेशी गोळा होऊ लागले, तर ते बहुधा सुलक्षण. कमरेतून पायाकडे उतरू लागले किंवा मुंग्या वाढल्या, तर थांबावे आणि दाखवावे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. वेळही वाढविली, वजनही वाढविले आणि नमस्कारही वाढविले, तर पाठीने तक्रार कशाविषयी केली हे कळावयाचे कसे?

पाठ पुन्हा एखादे वेळी धरेलही. आम्हांसही गेल्या काही वर्षांत दोनदा धरली. त्याने सर्व पाण्यात गेले असे मानू नये. दोन पायऱ्या खाली उतरावे, आठवडाभर तेथे थांबावे आणि पुन्हा वर निघावे.

आपल्या जिल्ह्याचा एक वारसा या संदर्भात आठवतो. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी मल्लखांबास नवजीवन देणारे बाळंभटदादा देवधर हे आपल्या निफाडजवळच्या कोठुऱ्याचे. निजामाकडील दोन मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी ते सप्तशृंगीच्या गडावर साधनेस जाऊन राहिले व तेथे त्यांस ही विद्या स्फुरली, अशी कथा परंपरेने सांगतात. कथेतले सार आम्ही असे घेतो. आव्हान आले म्हणून ते लगेच आखाड्यात उतरले नाहीत. त्यांनी मुदत मागून घेतली आणि प्रथम खांबाशी कुस्ती केली. खांब उलट जोर करीत नाही, आपण जेवढे मागू तेवढेच तो देतो. दुखावलेल्या पाठीच्या माणसासही आरंभी असाच प्रतिस्पर्धी हवा. माणसाशी चढाओढ मागाहून, किंवा न झाली तरी चालेल.

आम्ही २०१७ च्या चैत्रात गडाच्या पायऱ्या चढलो. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पन्नास-पन्नासांवर थांबत गेलो, आणि आमच्यामागून आलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका आम्हांस मागे टाकून पुढे गेल्या. आम्ही कोणाशी शर्यत लावली नाही. देवीपुढे हात जोडले तेव्हा मागणे काहीच उरले नव्हते. त्याच वर्षी त्या वडील आप्तांस आम्ही पहिल्यांदा घाटावर घेऊन गेलो. पहिल्या दिवशी ते चार मिनिटे चालले. वर्षभराने पट्टा खुंटीस लागला. नातू तोवर उचलण्याच्या वयापलीकडे गेला होता, पण आजोबा त्याचे बोट धरून रामकुंडापर्यंत जाऊ लागले.

शेवटी संमेलनाच्या चालकांस एक विनंती. आपल्या तालमीत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास दुखण्यातून उठलेल्यांसाठी राखावा. तेथे चार सतरंज्या, दोन स्टुले, एक हंडा आणि एक वही असावी. वहीत प्रत्येकाने काल काय केले आणि आज सकाळी कसे वाटले, एवढेच लिहावे. जाणत्या फिजिओथेरपिस्टास महिन्यातून एकदा बोलवावे. खर्च किरकोळ आहे. आणि त्या तासाला तरुणांनीही यावे, हसावयास नव्हे, तर पन्नाशीचा माणूस दहा जोरांवर थांबतो तेव्हा तो काय शिकला आहे ते पाहावयास. पहिले नाव आमचे लिहावे.